आधी हातावर, मग तोंडावर



आजीची फणेरपेटी तुमच्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर अजून असेल. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा, खाली लहान लहान खण. एका खणात मेणाची डबी, एकात पिंजर, एकात काजळाची डबी, बाजूला फणी. सकाळी उजाडता उजाडता आजी ती पेटी पुढे घेऊन बसायची. कपाळावर मेणाचं बोट, त्यावर कुंकू, डोळ्यांत काजळाची रेघ, की झाला शृंगार! पाच मिनिटांत पेटी बंद आणि बाई चुलीपुढं.

आता त्या पेटीची जागा भिंतीवरच्या फळीने घेतली आहे. तिच्यावर पावडरचा डबा आहे, टिकल्यांची पाकिटं आहेत, काजळाची कांडी, ओठांची लाली, नखांचा रंग, केसांचा कलप आणि दोन-तीन तऱ्हेच्या क्रीमच्या डब्याही आहेत. काही वस्तू बाजारच्या दिवशी आणलेल्या, काही जत्रेत घेतलेल्या, तर काही मोबाइलवर जाहिरात पाहून घरपोच मागवलेल्या. नटण्याची आवड वाईट आहे असे सांगायला मी इथे आलेली नाही. माणूस नटतो, घर सारवतो, दारात रांगोळी काढतो, बैलाच्या शिंगांना पोळ्याला रंग लावतो. ही सारी एकाच हौसेची लेकरं. माझे सांगणे एवढेच की, हौस करावी पण पारखून करावी. मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. मग तोंडाला लावायची वस्तू न पारखता का घ्यावी?

हे सांगावेसे का वाटले, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी एकाएकी शाळेत यायची थांबली. अभ्यासात बरी, स्वभावाने हसरी. आठवडा झाला, दुसरा झाला. मी तिच्या घरी गेले. आई दारातच रडू लागली. म्हणाली, "बाई, लेकीला कोड फुटलं हो. आता हिचं लगीन कसं जमायचं? शेजारीण पाण्याच्या भांड्याला बी हात लावू देत नाही."

मुलगी आतल्या खोलीत पदर ओढून बसली होती. मी तिला उजेडात आणले. कपाळाच्या मधोमध एक पांढरा डाग होता. पण डाग कसा? अगदी गोल, वाटीने छापल्यासारखा, बरोब्बर टिकलीएवढा. बाकी अंगावर कुठे काही नाही. मी विचारले, "टिकली कधीपासून लावतेस?" ती म्हणाली, "सातवीपासून, बाई. रोज. झोपताना पण काढत नाही. मधी खाजत होतं, पण मी म्हटलं घामानं असंल."

आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी निदान केले की हा टिकलीच्या मागच्या चिकट पदार्थाचा प्रताप आहे. टिकली चिकटावी म्हणून जो डिंकासारखा पदार्थ लावतात, त्यात काही वेळा पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे रसायन असते. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. काही जणींच्या बाबतीत हे रसायन नेमके त्या पेशींना मारते. मग तेवढी जागा पांढरी पडते. सगळ्याच जणींना असे होते असे नाही. पण कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

टिकली बंद झाली. औषध सुरू झाले. काही महिन्यांनी डागाच्या कडेने तपकिरी ठिपके दिसू लागले, आणि रंग हळूहळू आत सरकू लागला. पुरता भरला नाही, पण पुष्कळ भरला. मुलगी शाळेत आली. मात्र गेलेले ते तीन महिने, शेजारणीचे ते वागणे आणि आईच्या डोळ्यांतले पाणी कोण भरून देणार? म्हणून इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगते. पहिली ही की, टिकलीच्या जागी खाज सुटली तर ती घामाची समजू नका. टिकली त्याच दिवशी बंद करा आणि डाग दिसला तर लगेच डॉक्टरांना दाखवा. दुसरी गोष्ट, डाग टिकलीचा असो की खरे कोड असो, कोड हा स्पर्शाने पसरणारा रोग नव्हे. त्या माणसाच्या हातचे पाणी पिऊन कुणाला काही होत नाही.

आता पारख करायची कशी? त्यासाठी तीन प्रश्न आहेत. ही वस्तू माझ्या कातडीला मानवते का? हिच्यात आहे तरी काय? आणि मला ही हवी आहे ती कशासाठी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपला हातच देतो. नवे क्रीम, नवी पावडर, नवी लाली काहीही आणले, तर ती थेट तोंडाला लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी मऊ असते, तिथे रुपयाएवढ्या जागेवर लावा. दिवसातून दोनदा, आणि असे सात दिवस. साबण, उटणे अशा धुऊन टाकायच्या वस्तू एरवी जितका वेळ अंगावर ठेवता तितकाच वेळ ठेवून धुऊन टाका. सात दिवसांत खाज, लाली, पुरळ, आग यांपैकी काही झाले, तर जागा गार पाण्याने धुवा आणि वस्तू बाजूला ठेवा. काही झाले नाही तर मग तोंडाला लावा. आणखी एक लक्षात ठेवा. एका वेळी एकच नवी वस्तू. दिवाळीला चार नव्या वस्तू एकदम लावल्या आणि तोंड सुजले, तर चोर कोणता हे कसे ओळखणार?

केसांच्या कलपाची परीक्षा तर चुकवूच नये. बहुतेक काळ्या कलपात पॅराफिनिलीन डायामीन नावाचे द्रव्य असते. ते काहींना इतके बाधते की डोके, कान, पापण्या सुजून डोळे मिटतात. असा कलप लावण्यापूर्वी कातडीवर परीक्षा घ्या, अशी सूचना वेष्टनावर छापणे आपल्या कायद्याने बंधनकारक आहे. ती सूचना बारीक अक्षरात असते आणि आपण ती वाचत नाही. कलपाचा थेंब कानामागे लावून दोन दिवस वाट पाहा. आज काही झाले नाही म्हणून पुढे कधीच होणार नाही, असेही नाही. दहा वेळा मानवलेला कलप अकराव्या वेळी बाधू शकतो. म्हणून परीक्षा दर वेळी घ्यावी.

हेच द्रव्य लग्नसराईत आणि जत्रेत मिळणाऱ्या 'काळ्या मेंदी'त मिसळलेले असते. मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग नारिंगी, फार तर गडद तपकिरी. जी मेंदी अर्ध्या तासात कोळशासारखी काळी रंगते, ती नुसती पानांची मेंदी नव्हे. लहान मुलींच्या हातावर अशा मेंदीने फोड उठतात आणि नक्षीचा व्रण राहून जातो.

इथे कुणी म्हणेल, "बाई, आम्ही बाजारचं काही वापरतच नाही. सगळं घरचं!" उत्तम. पण घरचे म्हणजे निर्धोक असे समजू नका. डाळीचे पीठ, साय, मसुरीचे पीठ, दिवाळीचे उटणे हे बहुतेकांना मानवते. मात्र तोंडाला लिंबू चोळून उन्हात गेलात, तर लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते आणि काळे चट्टे उठतात. चेहऱ्यावरच्या डागावर बिब्बा लावणारेही आहेत. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, हे आपल्याला अंगणातल्या पोरालाही ठाऊक आहे. तरी कुणी सांगितले की आपण लावतोच! घरच्या वस्तूलाही कोपराची परीक्षा हवी, आणि बिब्ब्याला तर परीक्षाही नको, तो तोंडापासून लांबच बरा.

आता दुसरा प्रश्न, आत आहे तरी काय? कारण काही विषे अशी असतात की ती कोपरावर खाजत नाहीत, लाल होत नाहीत. उलट सुरुवातीला चेहरा उजळलेला दिसतो. असे एक विष म्हणजे पारा.

पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही. म्हणून काही गोरेपणाच्या क्रीममध्ये चोरून पारा घालतात. चार आठवड्यांत चेहरा उजळतो, शेजारीण विचारू लागते, "काय लावतेस गं?" पण हा पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका ठराविक विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतले १३ जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर ओसरला, हे त्यातल्या त्यात समाधान. क्रीम लावणाऱ्या बाईचे तोंड, पाय सुजू लागले, लघवीला फेस येऊ लागला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि ती क्रीमची डबी बरोबर न्या. आणि हे विष एकटीपुरते राहत नाही. डबीतून उडणारी पाऱ्याची वाफ आणि आईच्या गालाला लागणारे तान्ह्याचे तोंड, दोन्ही वाटांनी ते घरात पसरते.

कायदा काय सांगतो? आपल्या देशाच्या २०२० सालच्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही. नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. जगातल्या देशांनी पाऱ्याविषयी मिनामाता करार केला तो २०१३ साली, आणि पारा घातलेली सौंदर्यप्रसाधने २०२५ नंतर बनवू नयेत, आयात-निर्यात करू नयेत, असे त्या करारातल्या देशांनी २०२३ साली ठरवले. पण कायदा कागदावर असतो आणि डबी आपल्या हातात असते. म्हणून डबी वाचायला शिकावे.

डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आहे का? परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे ती तारीख आहे का? आतल्या घटकांची यादी आहे का? यांतले काहीच नसेल, तर डबी कितीही सुंदर असो, परत ठेवा. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल असे शब्द दिसले, तर तो पाराच. आणखी एक खूण सांगते, ती गाठीला बांधून ठेवा. 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये' अशी सूचना डबीवर असेल, तर सावध व्हा. पारा सोन्याला चिकटतो, म्हणून ती सूचना. जे क्रीम मंगळसूत्राला चालत नाही, ते गळ्याला कसे चालेल?

दुसरे छुपे विष औषधाच्या रूपाने येते. आपल्याकडे बायकांच्या गालांवर वांग येतात. बाळंतपणाच्या सुमारास येतात आणि उन्हात काम करून गडद होतात. मग कुणीतरी एक ट्यूब सुचवते. ती असते नायटा, गजकर्ण यांच्यावरची, आणि तिच्यात स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात वांग फिके पडतात. पुढे कातडी पातळ होते, गाल लाल दिसू लागतात, पुटकुळ्या उठतात, गालांवर लव वाढते. ट्यूब बंद करावी तर आग आग होते, म्हणून बाई पुन्हा ट्यूब लावते. हे दारूच्या व्यसनासारखेच झाले. अशी कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे सरकारने २०१८ साली ठरवले आहे. तेव्हा चिठ्ठीशिवाय कुणी अशी ट्यूब दिली तरी आपण ती घेऊ नये. वांगाला खरा उपाय आधी उन्हापासून आडोसा, मग डॉक्टरांचा सल्ला. खुरपणीला जाताना डोक्यावरचा पदर किंवा रुमाल गालांवर ओढून घेणे हे कित्येक क्रीमपेक्षा गुणाचे आहे, आणि त्याला पैसाही पडत नाही.

काजळाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेलातुपाच्या दिव्यावर धरलेले काजळ वेगळे आणि खड्यापासून केलेला सुरमा वेगळा. पुष्कळ सुरम्यांत शिसे असते. लहान मुलाने डोळे चोळले, बोट तोंडात घातले की ते शिसे पोटात जाते, आणि शिसे मुलाच्या बुद्धीच्या वाढीवर घाला घालते. म्हणून तान्ह्याच्या डोळ्यांत सुरमा नको आणि खरे तर काजळही नको. बोटाच्या नखातली घाण काजळाबरोबर डोळ्यात जाते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर दिव्याच्या काजळाची तळपायाला लावा. हौसही भागेल आणि डोळाही वाचेल. मोठ्यांनीही एकाच डबीत घरातल्या साऱ्यांची बोटे बुडवू नयेत. डोळ्यांच्या खुपऱ्यांचा रोग असाच बोटांवरून, पदरावरून पसरत असे. त्या रोगाने एके काळी कितीकांची दृष्टी नेली. आपल्या देशातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. त्यामागे स्वच्छतेचे मोठे श्रेय आहे. ती सवय सोडू नये.

कुंकवाचेही तसेच. खरे कुंकू हळदीचे. हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी यांची प्रक्रिया करून ते करतात. पण स्वस्त कुंकवात नुसते कृत्रिम रंगही असतात आणि ते काहींच्या कपाळाला बाधतात. शेंदूर हा मूळचा शिशाचा आणि हिंगूळ पाऱ्याचा. मारुतीरायाचा शेंदूर मारुतीरायाला शोभतो. आपण तो कपाळी लावून मग त्याच हाताने भाकरी खाऊ नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमच्यासाठी एक धडा तयार आहे. एका पेल्यात हळदीचे पाणी घ्या. त्यात चुन्याची निवळी घाला. पिवळे पाणी लालभडक होते. आता वर लिंबू पिळा, ते पुन्हा पिवळे होते. निवळी मुलांच्या हाताला, डोळ्याला लागणार नाही एवढे पाहा. आम्ल आणि अल्क यांचा धडा इतका चटकन दुसऱ्या कशाने समजत नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना घरातली रिकामी वेष्टने आणायला सांगा. तारीख शोधा, पत्ता शोधा, घटक मोठ्याने वाचा. बरीच अक्षरे इंग्रजीत आणि मुंगीएवढी असतात, म्हणूनच हे काम मुलांचे आहे. आईला जे वाचता येत नाही ते लेक वाचून दाखवील. शाळेतली अक्षरे घरात उपयोगी पडली, याहून शिक्षकाला दुसरे काय हवे?

आता राहिला तिसरा प्रश्न, सर्वांत अवघड. मला हे कशासाठी हवे? कुणाला डोळ्यांत काजळ घातल्याशिवाय चैन पडत नाही. कुणाला केसांत आबोलीचा वळेसर हवा. कुणी लग्नाकार्याला ओठ रंगवते, तर कुणी नुसते तोंड धुऊन, पावडरचा हात फिरवून निघते. ही ज्याची त्याची आवड. तिच्यात उणे-अधिक काही नाही. आवडीसाठी नटलेली बाई आरशात पाहून हसते. पण भीतीने नटणारी बाई आरशात दोष शोधते. 'मुलगी गोरी हवी' हे वाक्य ज्या घरात बोलले जाते, त्या घरातली काळीसावळी मुलगी पाऱ्याची डबी लपवून आणते. तेव्हा दोष डबी विकणाऱ्याचा खराच, पण आपल्या जिभेचाही आहे.

आपल्याकडे १९१९ साली मुंबईत अफगाण स्नो निघाले, १९७५ साली फेअर अँड लव्हली आले, आणि २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला गेला. डबीवरचा शब्द एका वर्षात पुसता आला. सोयरीक पाहायला बसलेल्या माणसांच्या तोंडचा शब्द मात्र अजून पुसायचा आहे. आणि गंमत पाहा, ज्याच्या दर्शनाला आपण पायी चालत जातो, तो पंढरीचा विठोबा सावळा. त्याच्यापुढे आपण लोटांगण घालतो आणि घरी येऊन सुनेचा रंग मोजतो!

त्या माझ्या विद्यार्थिनीची गोष्ट संपवते. शाळा सोडून जाताना ती भेटायला आली. कपाळावर डागाची फिकी कडा दिसत होती. टिकली नव्हती, हळदीच्या कुंकवाचे बारीक बोट होते. मी विचारले, "हे मानवतं का गं?" तिने बाही वर सारून कोपराची आतली बाजू दाखवली आणि म्हणाली, "सात दिवस इथं लावून बघितलं, बाई. मगच कपाळाला."

ऐकणाऱ्या प्रत्येक घरात तेवढे झाले तरी पुरे.